वाड्यावर आपणहून राबणाऱ्यांचा सत्कार करायचा आहे. कसा करावा?

व्हाळाकाठचा

नमस्कार मंडळी. गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना विचारलेलं नाही.

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, काही माणसं कुणी न सांगता कामं करतात. एक आजी रोज पहाटे घुमटीपासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता झाडतात. कदंब बससेवेचे एक निवृत्त चालक मिरगाच्या आधी फावडं घेऊन गटारं मोकळी करतात. कॉलेजात जाणारी दोन मुलं आहेत. पुलाजवळ कचऱ्याचा ‘ब्लॅक स्पॉट’ झाला होता, तो त्यांनी उपसला, तिथे करंज आणि सुरंगीची रोपं लावली, आणि रात्री पुलाच्या कठड्यावर बसून गाडीतून पिशव्या फेकायला येणाऱ्यांना परत पाठवलं. शिवाय एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे वाड्यावरच्या विजेच्या सगळ्या खांबांचे नंबर वहीत लिहिलेले असतात. दिवा गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी वीज खात्यात त्यांचा फोन जातो, आणि दिवा लागेपर्यंत रोज जातो.

यंदा चवथीची वर्गणी थोडी उरली आहे. मंडळातल्या बहुतेकांचं म्हणणं, जत्रेला देवळासमोर मंडपात सत्कार करू. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, आमदारांना बोलावू. दोघांचं म्हणणं, सरळ पाकिटात पैसे घालून द्या. एक जण म्हणाला, काही करू नका, करायला गेलात तर बिघडवाल. बैठक तशीच उठली. कुणाचं तरी लक्ष आहे हे त्या माणसांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण तो मंडप डोळ्यांपुढे आला की हात आखडतो.

तुमच्या गावांत काय केलं, काय जमलं, काय फसलं ते लिहा. उपदेशही चालेल, बेताने.

निवृत्त मास्तर

करा की सत्कार! एवढा विचार कसला? गावात बांधकामाचा परवाना काढून देणाऱ्याचा सत्कार होतो, क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धेला ट्रॉफी देणाऱ्याचा होतो. मग रस्ता झाडणाऱ्या आजींचा का नको? मी शाळेत असताना सोमवारच्या प्रार्थनेनंतर एकच गोष्ट करायचो. गेल्या आठवड्यात कुणी काय चांगलं केलं ते नावासकट वाचून दाखवायचो. बक्षीस नाही, टाळ्याही नाहीत. पण नळाची तोटी बंद करणारा मुलगा त्या दिवशी ताठ मानेने वर्गात जायचा.

मोठी माणसं वेगळी असतात असं समजू नका. ‘मला काही नको’ म्हणणाऱ्यालाही कुणी विचारलेलं आवडतं.

अंत्रुजकर

मास्तर, तुमची सोमवारची प्रार्थना आणि जत्रेतला मंडप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडपात काय होतं ते मी सांगतो, कारण फोंडा तालुक्यात जन्म गेला आणि सूत्रसंचालन बरंच केलंय.

कार्यक्रम सहाचा. पाहुणे साडेसातला. तोवर सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत, आजींच्या पाठीला कळ लागलेली. मग दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख. मग सत्कार सुरू. यादीत तुमची पाच माणसं असतात, पण आयत्या वेळी तिथे ध्वनिक्षेपकवाला घुसतो, जागा देणारे भाटकार (जमीनदार) घुसतात, दोन पंच घुसतात आणि ‘युवा उद्योजक’ म्हणून एक जण घुसतो, ज्याने मंडपाचं बिल दिलेलं असतं. शाली कमी पडतात. मग मागून कुणीतरी आधीच्याच सत्कारमूर्तीची शाल हळूच परत मागतो. हसू नका, पाहिलेलं आहे. आजींचं नाव चुकीचं वाचलं जातं. फोटोत आजी दिसत नाहीत, कारण पुढे पाहुण्यांचा हात असतो. आणि हे सगळं आटोपून नाटकाला उभं राहायला साडेअकरा वाजतात. प्रेक्षक ज्या नाटकासाठी आलेले, ते रेंगाळलं म्हणून शिव्या कुणाला? सत्कारमूर्तींना.

व्हाळाकाठचा बाब, तुमचा हात आखडतोय ते बरोबर आहे.

टिवटिव

अंत्रुजकर काका _/\_ शाल परत मागितली हे वाचून फुटलो.

पण एक मुद्दा. त्या दोन कॉलेजच्या मुलांना शाल नको असेल, प्रमाणपत्र मात्र हवं असेल. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) दोन वर्षांत २४० तास समाजकार्य भरायचं असतं. मी कॉलेजात होतो तेव्हा आम्ही एक दिवस किनाऱ्यावर जाऊन बॅनर धरून फोटो काढून ते तास भरले. आणि ही मुलं रात्री पुलावर बसतात, त्यांचे तास शून्य! पंचायतीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्याने चार ओळी मिळाल्या, कुठलं काम, कुठल्या जागी, किती काळ, तर नोकरीच्या मुलाखतीतही उपयोगी पडतं. आमच्या पिढीला शालीचं काय करायचं ते खरंच कळत नाही.

रील काढा असंही सांगणार होतो, पण इथले ज्येष्ठ मारतील.

झरीकडची

बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय. आज लिहितेच, कारण माझा सत्कार झालेला आहे.

शहराचं नाव सोडा. आमच्या जुन्या वाड्यात एक झर आहे, दगडी पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. माझ्या लग्नाच्या वेळी बायका तिथे कपडे धुवायच्या. नळ आले, झर विसरली, आणि लोकांनी पायऱ्यांचा कचराकुंडीसारखा वापर सुरू केला. काय नसायचं तिथे! मासळीच्या पाण्याने भिजलेल्या पिशव्या, बाळांचे लंगोट, बिअरच्या फुटक्या बाटल्या, थर्माकोलचं मखर, देवांच्या तसबिरी. तसबिरी कचऱ्यात टाकवत नाहीत म्हणून लोक त्या ‘पाण्याजवळ’ ठेवून जातात, काच फुटली की ती माझ्या पायात. मी आणि समोरची बाय, दोघींनी थोडं थोडं करत ते साफ केलं. खाली पाणी स्वच्छच होतं, वरचा थर काढायचा अवकाश.

मग एका मंडळाने आमचा सत्कार केला. पेपरात फोटो आला. माणसं चांगली होती, हेतू चांगला होता, तक्रार नाही. पण त्यानंतर वाड्यातल्या लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलं, की झर म्हणजे हिचं काम. पूर्वी कुणी पिशवी टाकताना मला बघून ओशाळायचा. सत्कारानंतर एक जण पिशवी ठेवून मला म्हणाला, ‘बाय, आज जरा जास्त आहे हां.’ एक बाई तर दारात येऊन सांगून गेली की चार दिवस झाले, झरीकडे कुणी झाडलेलं नाही!

शाल कपाटात आहे. मला तेव्हा तीनच गोष्टी हव्या होत्या. काढलेला कचरा उचलायला ठरलेल्या वारी गाडी. पायऱ्यांच्या तोंडाशी एक दिवा. आणि मी माहेरी गेले तर चार दिवस बघणारं कुणीतरी. यातलं एकही कुणी विचारलं नाही. आता दिवा आहे, तो माझ्या दिराने आमच्या घराच्या मीटरवरून ओढला.

बाणावलीची सून

झरीकडची, ‘आज जरा जास्त आहे हां’ 😡

मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन साष्टीत आले. इथे चर्चच्या फेस्ताला दरवर्षी एक प्रेसिडेंट नेमतात. त्या वर्षीचा खर्च, धावपळ, सजावट त्याच्या अंगावर, आणि मानही त्याचाच. पुढच्या वर्षी दुसरा. माझ्या सासूबाई म्हणतात की पाळी आलेल्या माणसाला कौतुकाची फार गरज पडत नाही, कारण पुढे सगळ्यांवरच पाळी येणार असते आणि काम किती असतं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. बसथांब्याचं तसं करता येईल का? आजींनी वर्षानुवर्षं झाडलं, आता घराघरांची पाळी लावायची आणि पहिल्या वर्षाचा मान आजींचा.

दुसरं विचारते, रागावू नका. पहाटे कचऱ्याच्या गाडीवर जी मुलं येतात, बहुतेक कर्नाटकातून आलेली, ती पावसातसुद्धा चुकत नाहीत. त्यांना कुणी सत्काराला बोलावतं का? स्वयंसेवक स्वेच्छेने करतात म्हणून त्यांचं कौतुक, आणि हे पोटासाठी करतात म्हणून यांना ‘ए कचरावाला’. आमच्या गल्लीत त्यांना पाण्याची बाटली द्यायचीसुद्धा पंचाईत.

पुणेस्थित गोंयकार

चांगला धागा. एक सूचना. व्यक्तिनिष्ठ निवड टाळायची तर गुणांकन करा. ऑनलाइन फॉर्म, चार विभाग (स्वच्छता, पाणी, हिरवाई, सुरक्षितता), प्रत्येकी २५ गुण, तीन परीक्षक, दरवर्षी प्रथम-द्वितीय-तृतीय. पारदर्शकता राहते.

अंत्रुजकर

पुणेस्थित बाब, म्हणजे आजींना स्वच्छतेत २३ आणि हिरवाईत शून्य. वाड्यावर माणसं मोजून पाच, त्यांतली तीन विजेती आणि दोन पराभूत. पुढच्या मिरगाला पराभूत चालक गटार काढायला येतील असं वाटतं?

स्पर्धेने काय होतं ते माटोळीत बघा. गणपतीच्या डोक्यावर बांधायची माटोळी ही घरापुरती गोष्ट होती. परसातलं, कुळागरातलं (बागायतीतलं), जवळच्या रानातलं जे मिळेल ते. स्पर्धा लागल्यापासून काही जण तीनशे-चारशे प्रकार जमवायच्या मागे. मुलांना रानातल्या फळांची नावं कळतात, हा फायदा मान्य. पण दुर्मिळ फळ दिसलं की ओरबाडायचं, कारण शेजाऱ्याकडे ते नाही, हेही होतंच.

महाराष्ट्रात २०००-०१ साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावंच्या गावं हातात झाडू घेऊन उतरली, मोठी गोष्ट होती. पण परीक्षण समिती येऊन गेल्यावर काही गावांत काय झालं, ते तुमच्या पुण्याच्या आसपासचेच लोक सांगतील. स्वतः गाडगेबाबा तर गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि कीर्तन रात्री. पाया पडायला आलेल्याला जवळ येऊ देत नसत. त्यांच्या नावाने गुण वाटायचे म्हणजे गंमतच.

पुणेस्थित गोंयकार

ठीक आहे, गुण मागे घेतले. पण निवड कोण करणार हा प्रश्न उरतोच. मंडळाने पाच नावं काढली. मंडळाला न दिसलेलं सहावं कुणी असेल तर? घरोघरी एक कागद फिरवा आणि एकच विचारा: वाड्यावर असं कुठलं काम आहे, जे करणारा माणूस महिनाभर गावाला गेला तर तुम्हाला अडेल? त्यातून नावं येतील.

अंत्रुजकर

हे मात्र आवडलं. पुण्यात राहून डोकं शाबूत आहे.

नर्सबाय

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, म्हणून माझ्या नजरेतून.

गटार काढणाऱ्या त्या चालककाकांना शाल देऊ नका, गमबूट द्या. गुडघ्यापर्यंतचे, त्यांच्या मापाचे. आणि जाड रबरी हातमोजे, एक नव्हे चार जोड, कारण एक नक्की फाटतो. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसात साचलेल्या पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. पायाला साधी चीर असली तरी पुरते. ताप, अंग मोडून येणं, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, आणि पुढे वाढलं तर कावीळ, मूत्रपिंड. लोक चार दिवस ‘पावसात भिजलो म्हणून’ असं म्हणत घरी काढा पितात आणि उशिरा येतात. गटारात उतरलो होतो, एवढं डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगितलं तरी निम्मं काम होतं. काम करण्याआधी प्रतिबंधक गोळी घ्यायची का, तेही केंद्रात येऊन विचारावं, मनाने घेऊ नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तसंच. झरीकडची, तुमच्या पायात काच गेली होती तेव्हा घेतलं होतं का?

आणि कृपा करून कुणाही स्वयंसेवकाला सेप्टिक टँक किंवा बंदिस्त गटारात उतरवू नका, कितीही उत्साही असला तरी. आतल्या वायूने माणूस क्षणात पडतो आणि काढायला उतरलेला दुसराही पडतो. पैसे देऊन माणूस सुरक्षासाधनांशिवाय आत उतरवायलाही २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मग फुकटात राबणाऱ्याला कोण उतरवतं?

झरीकडची

नाही घेतलं 🙈 हळद लावली.

नर्सबाय

वाटलंच.

खाजनवाला

उशिरा आलो. तिसवाडीतला, बेटावरचा माणूस. लांबण लावणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

तुम्ही सगळे जे ‘स्वयंसेवक’ म्हणताय, तसा माणूस आमच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, पूर्वी नव्हता. काम सगळ्यांचं होतं, पण उपकार कुणाचा नव्हता. नदीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून चिखलाचे आणि दगडांचे बांध. बांधात मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा. भरती चढली की पाण्याच्या जोरानेच फळ्या मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. ज्याने हे पहिल्यांदा बसवलं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीचं आहे. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशियाने गावकऱ्यांचे रिवाज फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, लिहून घेतले, तेव्हा गावकरी, म्हणजे गावच्या जमिनीचा सामायिक कारभार, ही चालत आलेली व्यवस्था होती. जमीन गावाची, कसायला पावणीने म्हणजे लिलावाने दिलेली, आणि उत्पन्नातून बांधाचा खर्च.

बांध रात्री फुटतो. का ते समुद्राला विचारा, पण अमावास्या-पुनवेच्या उधाणाला फुटतो आणि बहुतेक रात्रीच. माझ्या वडलांच्या लहानपणी शंख फुंकला की घरागणिक एक माणूस टोपली घेऊन धावायचा. चिखल, पेंढा, झावळ्या, जे हाताला लागेल ते. एकदा खारं पाणी आत बसलं की पुढची दोन-तीन वर्षं भात धड होत नाही, म्हणून जो धावला नाही त्याचंही शेत बुडणार. अशा ठिकाणी सत्कार कुणाचा करणार? सगळेच चिखलात.

मग १९६४ चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, मी कुळाचाच नातू. पण बांधाची जबाबदारी मध्येच लोंबकळली. १९७५ च्या नियमांनी ती टेनंट असोसिएशनांकडे, म्हणजे कुळांच्या संघटनांकडे, आली. काही असोसिएशनांनी चांगलं काम केलं. काही ठिकाणी मात्र मानशीतल्या मासळीच्या पावणीला इतके पैसे येऊ लागले की भातापेक्षा मासे प्यारे झाले. खारं पाणी आत राहिलं तर मासळी जास्त, मग दरवाजा दुरुस्त कोण करतो? आज आमच्याकडे खाऱ्या मातीत येणारं कोरगुट भात लावणारी घरं बोटांवर मोजायची.

आता मूळ विषयाकडे. आमच्याकडे आज एक माणूस बांधावरून रोज फेरी मारतो. खेकड्याने भोक पाडलेलं दिसलं की तिथे पायाने चिखल दाबतो. बोटाएवढं भोक असतं, बघणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. दाबलं नाही तर पुढच्या उधाणाला तिथून मूठभर माती जाते, त्याच्या पुढच्याला टोपलीभर. तो पगारी नाही. त्याचा सत्कार करावा असं आमच्याकडेही निघालं होतं. तो म्हणाला, ‘म्हाका नाका. दर म्हयन्याक एक दीस कोण तरी म्हजेवांगडा चलात.’ महिन्यातून एक दिवस कुणीतरी माझ्याबरोबर चाला. कारण भोक कुठे पडतं हे त्याला कळतं आणि ते त्याच्याबरोबरच जाईल अशी त्याला भीती आहे.

आम्ही चालतो. सगळे नाही, चार-पाच जण. शाळेतली मुलंही आणतो. त्याला बोलायला फार आवडतं हे आम्हाला तेव्हाच कळलं.

निवृत्त मास्तर

खाजनवाला, सुरेख लिहिलंत. मुलं न्यायची कल्पना उचलतो.

पण मी अजून माझ्या जागी आहे. चारचौघांत नाव घेणं वाईट नाही. ते कुठे आणि कसं घेता, एवढाच प्रश्न. जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालतात, त्यात गावच्या चुकल्यामाकल्याला सांभाळ म्हणतात. तिथे मंडप नाही, माईक नाही. ‘वाट झाडणाऱ्याला, व्हाळ राखणाऱ्याला बरं ठेव’ एवढं गाऱ्हाण्यात म्हटलं तर आजींना शालीपेक्षा जास्त पोचेल. गाऱ्हाणं घालणारे तुमच्या ओळखीचे असतील तर विचारून पाहा.

टिवटिव

मास्तर 🔥

एकेकाळचा पंच

दोन टर्म पंच होतो, सध्या मोकळा. कागदपत्राचं बोलतो, रुक्ष वाटेल.

गोव्यात १९१ पंचायती आहेत आणि प्रत्येकीत ग्रामसभेचं इतिवृत्त ठेवतात. मंडपातलं भाषण त्या रात्री संपतं, इतिवृत्तातली ओळ राहते. ग्रामसभेत ठराव घ्या. पण ‘अभिनंदनाचा ठराव’ म्हणून चार विशेषणं लिहू नका. काम काय, जागा कुठली, पंचायत त्यात काय देणार, हे लिहा. ‘पुलाजवळची जागा स्वच्छ ठेवण्याचे काम अमुक यांनी केले आहे. गोळा केलेला कचरा दर अमुक वारी पंचायतीच्या गाडीने उचलावा.’ असं लिहिलं की पुढच्या ग्रामसभेत कृती अहवाल मागता येतो. उचलला का? नसेल तर का नाही? झरीकडची यांच्याबाबतीत नेमकं हेच राहिलं.

मुलांसाठी आणखी एक. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावर. ज्यांनी स्वतः करंज आणि सुरंगी निवडून लावली, गुलमोहर नाही लावला, त्यांना त्या समितीच्या कामात घ्या. लोकजैवविविधता नोंदवही तयार करायला पाय असलेली माणसं लागतात.

पाकिटात पैसे देण्याबद्दल: स्वतःच्या वर्गणीतून काय द्यायचं ते मंडळाने ठरवावं, पंचायतीचा पैसा त्यात आणू नका, लेखापरीक्षणात अडकाल. आणि आजींना पाकीट देण्याआधी दहा वेळा विचार करा. उद्या कुणी म्हणेल, पैसे घेते मग झाडायलाच हवं.

बाणावलीची सून यांच्या प्रश्नाला: गाडीवरच्या कामगारांना मी सत्काराला बोलावणार नाही. त्यांना वेळेवर पगार, रेनकोट, हातमोजे आणि साप्ताहिक सुट्टी मिळते का, हे ग्रामसभेत विचारेन. सत्कार करून हा प्रश्न टाळता येतो, म्हणून तो टाळणाऱ्यांना आवडतो.

बाणावलीची सून

पटलं. पण पाण्याची बाटली तरी द्या हो!

अंत्रुजकर

पंचबाब, दंडवत. एकच भर. सावईवेऱ्याचे संजय पाटील यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आमच्याच तालुक्यातले. डोंगरात हाताने सुरंग खोदून त्यांनी कुळागराला पाणी आणलं. पद्मश्री मिळाल्यावर सगळ्यांना अभिमान वाटला, मलाही. पण सुरंग खोदताना आजूबाजूचे काय म्हणत असतील त्याची मला कल्पना आहे, कारण मी अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्याच भागात, राहतो. ‘काम ना, धंदो ना.’ तेव्हा व्हाळाकाठचा बाब, तुमच्या त्या खांबांच्या वहीवाल्या गृहस्थांना लोक मागे काय म्हणतात तेही जरा तपासा. निम्मं कौतुक ते बंद करण्यात आहे.

व्हाळाकाठचा

सगळ्यांचे आभार. देव बरें करूं. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मधल्या दिवसांत सगळ्यांना भेटून आलो, आता नुसता वृत्तांत देतो.

वहीवाल्या गृहस्थांना मागे ‘वायरमन’ म्हणतात. त्यांना ठाऊक आहे. त्यांनी एकच मागणी केली: वहीची दुसरी प्रत करून कुणीतरी ठेवा, आणि त्यांच्या सुनेला हे वेड वाटतं, तिच्यासमोर कुणीतरी चांगलं बोला. मी त्यांच्या घरी चहाला बसून तिच्यासमोर बोललो. ती म्हणाली, ‘बोला बोला, बिल मोबाइलचं आम्ही भरतो.’ तेव्हा मंडळ त्यांचा रिचार्ज मारणार आहे.

चालककाकांनी जत्रेतला सत्कार साफ नाकारला. कारण सांगितलं नाही, पण गटार ज्यांच्या कुंपणाला लागून जातं त्यांच्याशी त्यांचं हद्दीवरून बोलणं बंद आहे, आणि ते लोक देवळाच्या समितीत आहेत. नर्सबायचा निरोप सांगितला. गमबूट नऊ नंबरचे हवेत म्हणाले, लगेच. त्याशिवाय वळणावरच्या गटारावरची लादी फुटली आहे, ती बदलायची आहे. ती माझ्याने उचलत नाही आता, असं म्हणाले.

मुलांना प्रमाणपत्र हवं आहे. टिवटिव जिंकला. जैवविविधता समितीचं सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, बैठकीला चहा असतो का.

आणि आजी. आजींना मी विचारलं, जत्रेला सत्कार केला तर चालेल का? त्यांनी विचारलं, किती वाजता? म्हटलं, संध्याकाळी. म्हणाल्या, येईन, नवी साडी आहे. म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून त्यांच्या वतीने जो संकोच केला, तो त्यांना अजिबात नव्हता! मास्तर, तुमचा मुद्दा सिद्ध. मात्र पुढे म्हणाल्या की लेकीचं बाळंतपण आहे, दोन महिने म्हापशाला जाणार, तेव्हा कोण झाडेल ते आधी ठरवा, नाहीतर मला तिथे झोप लागणार नाही.

घरोघरी कागद फिरवला. सहावं नाव आलं. देवळामागच्या तळीत पडलेली पिल्लं, वासरं, एकदा तर मुंगूस काढणारा एक मुलगा आहे. मंडळात कुणालाच माहीत नव्हता, कारण तो बारावी नापास म्हणून कुणी त्याच्याशी फारसं बोलत नाही.

ठरावाचा मसुदा टाकतो, पंचबाब बघा:

‘वाड्यावरील घुमटी ते बसथांबा रस्ता रोज झाडला जातो. हे काम यापुढे घरागणिक पाळीने चालू राहील, पाळीची यादी मंडळ लावील. पुलाजवळ गोळा केलेला कचरा दर बुधवारी पंचायतीच्या गाडीने उचलावा. वळणावरील गटाराची फुटलेली लादी पावसाळ्यापूर्वी बदलावी. पुलाजवळ रोपे लावून जागा राखणाऱ्या दोन युवकांना कामाचे प्रमाणपत्र द्यावे व जैवविविधता समितीच्या कामात घ्यावे. वरील कामे करणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीने सोबत जोडली आहेत.’

एकेकाळचा पंच

चांगला आहे. ‘पावसाळ्यापूर्वी’ काढा, तारीख घाला. ‘द्यावे’ म्हणजे कुणी? ‘पंचायत सचिवांनी’ असं घाला. चालककाकांचं नाव जोडू नका, लादीचा मुद्दा त्यांच्या नावाशिवायही उभा राहतो. आणि ग्रामसभेला तुमच्या वाड्यावरची माणसं आणा. ठराव मांडणारा एक आणि अनुमोदन देणारा तोच एक, असं बऱ्याचदा होतं.

बाणावलीची सून

पाळीची यादी लावताना पुरुषांचीही नावं घाला. घरागणिक म्हटलं की सुनाच येतात.

झरीकडची

+१००. आणि आजींना कार्यक्रमात पहिलं घ्या, पाहुणे आलेले असोत वा नसोत.

अंत्रुजकर

सूत्रसंचालनाला कुणी नसेल तर मी येतो. साडेसहाला सुरू करीन, पाहुण्यांच्या गाडीचा दिवा दिसला तरी थांबणार नाही. जाण्यायेण्याचा खर्च नको, रात्रीचं नाटक कुठलं आहे ते कळवा.

व्हाळाकाठचा

या काका, नक्की या. नाटक संगीत आहे, पौराणिक, नटसंच गावातलाच. तळीवाला मुलगा त्यात भालदार आहे.